पोर्तुगाल स्वतः आखून पाहायचा तर: व्हिसापासून दोरूच्या खोऱ्यापर्यंत

‘स्पेनला जातोच आहोत, तर तीन दिवसांत पोर्तुगालही करून येऊ,’ असा बेत मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. माझं सांगणं नेमकं उलटं आहे. पोर्तुगालला स्वतंत्र नऊ-दहा दिवस द्या आणि स्पेन पुढच्या खेपेला ठेवा. नकाशावर दोन्ही देश एकमेकांना चिकटलेले दिसतात, पण लिस्बनहून माद्रिदला थेट रेल्वे नाही. रात्रीची गाडी होती, ती २०२० मध्ये बंद झाली. विमानाने जायचं म्हटलं तरी सामान बांधणं, विमानतळ, नवं हॉटेल यात एक दिवस जातोच. उलट पोर्तुगालच्या आत फिरणं सोपं आहे. लिस्बन ते पोर्तो हा मुख्य प्रवास रेल्वेने तीन तासांचा, म्हणजे मुंबई-पुण्याएवढा. ज्यांना टूर कंपनीशिवाय पहिल्यांदाच युरोपात जायचंय, त्यांना मी डोळे झाकून हाच देश सुचवतो.

व्हिसाची तयारी

पोर्तुगाल शेंगेन करारात आहे, म्हणजे एकाच व्हिसावर करारातल्या सगळ्या देशांत फिरता येतं. या व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी द्यावाच लागतो. पण शेवटच्या पंधरवड्यावर विसंबू नका. निर्णयाला नियमाने १५ दिवस लागतात, आणि एखादं प्रकरण ४५ दिवसांपर्यंतही लांबवता येतं. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर अपॉइंटमेंट फेब्रुवारीतच घ्या. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे, आणि त्याहून लहान मुलांना शुल्क नाही. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

मुक्काम सगळ्यात जास्त ज्या देशात, त्याच देशाकडे अर्ज करायचा, हा नियम नीट पाळा. बोटांचे ठसे एकदा दिले की पुढचे ५९ महिने चालतात. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत लागू असणारा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध असावा, शिवाय तो गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा.

कागदपत्रांत लोक अडकतात ते बँकेच्या पासबुकात. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात मोठी रक्कम टाकली की शंका येते. त्यापेक्षा पगार नियमित जमा होतोय, खर्च होतोय आणि शिल्लक पुरेशी आहे असं चित्र चांगलं. सोबत आयकर विवरणपत्रं, नोकरीच्या ठिकाणचं रजापत्र, विमानाचं आणि हॉटेलांचं आरक्षण आणि एक पानी पत्र द्या. या पत्रात रोज कुठे मुक्काम, कुठून कुठे कशाने जाणार हे तारीखवार लिहा. हॉटेलच्या तारखा आणि पत्रातल्या तारखा एकमेकींशी जुळतात ना, हे घरातल्या दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. स्वतः लिहिलेली चूक स्वतःला दिसत नाही. आरक्षणं मोफत रद्द करता येतील अशीच करा.

मुंबईहून दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे लिस्बनला पोचता येतं. तेव्हा इमिग्रेशन लिस्बनलाच होतं. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे गेलात तर ते तिथेच होतं आणि पुढचं विमान देशांतर्गत असल्यासारखं असतं. म्हणून त्या वाटेने जाताना दोन विमानांत निदान अडीच-तीन तासांची सवड ठेवा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर फोटो आणि बोटांचे ठसे घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे रांगा लांबतात.

केव्हा जावं

एप्रिल ते जून किंवा मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि दर दोन्ही चढतात, आणि आतल्या आलेंतेजू भागात पारा चाळिशीला टेकतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पावसाचे दिवस, त्यातही पोर्तोला जास्त. समुद्रस्नानासाठी कोणी जात असेल तर सांगून ठेवतो: अटलांटिकचं पाणी ऑगस्टमध्येही गारच असतं. आपल्या कोकणच्या समुद्रासारखी ऊब तिथे मिळत नाही. जमलंच तर १२-१३ जूनला लिस्बनमध्ये असा. सेंट अँथनी जन्माने लिस्बनचे, आणि त्यांच्या सणाला आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत रात्रभर सार्डिन भाजले जातात.

मुक्काम कुठे आणि किती

नऊ रात्री धरल्या तर लिस्बनला पाच, पोर्तोला चार. दोनच हॉटेलं, एकदाच सामान हलवायचं. बाकी सगळं दिवसाच्या फेरीत होतं. रोज गाव बदलणारा बेत कागदावर भरगच्च दिसतो, पण प्रत्यक्षात सुटकेस ओढण्यात सुट्टी संपते.

लिस्बन टेकड्यांवर वसलंय, आणि हे लक्षात घेऊनच हॉटेल निवडा. आल्फामा फोटोत सुंदर दिसतं, पण तिथल्या घरांपर्यंत टॅक्सी जात नाही आणि जिने संपत नाहीत. आई-वडील सोबत असतील तर बाइशा, अव्हेनिदा दा लिबर्दाद किंवा साल्दान्या हे भाग बघा, तेही मेट्रो स्थानकाजवळ. जुन्या इमारतींत लिफ्ट नसते, म्हणून आरक्षणापूर्वी लेखी विचारा. दोन्ही शहरांत पर्यटक कर वेगळा द्यावा लागतो. लिस्बनमध्ये तो माणशी दर रात्री ४ युरो, पोर्तोमध्ये ३ युरो, तेरा वर्षांखालच्या मुलांना माफ.

रस्ते आणि पदपथ छोट्या पांढऱ्या-काळ्या दगडी चिपांचे आहेत. शंभर-दीडशे वर्षं पावलांनी घासून ते शहाबादी फरशीसारखे गुळगुळीत झालेत. सरीवर सर आली की उतारावर पाय ठरत नाही. चपटे, नक्षी झिजलेले बूट घरीच ठेवा. रबरी, खोबणीदार तळाचे बूट घ्या आणि ते निघण्यापूर्वी दोन आठवडे घालून पायाला बसवा. या प्रवासात सगळ्यात उपयोगी पडणारी वस्तू कोणती विचाराल तर मी हेच बूट सांगेन.

पोर्तोला आम्ही एका जुन्या घरातल्या खोलीत राहिलो होतो. न्हाणीघरात नुसताच टब, आणि वडिलांना अंगावर तांब्याने पाणी घेण्याची सवय. घरमालकीण आजींना इंग्रजी येत नव्हतं. मी हाताने आकार दाखवत, सवयीने मराठीतच ‘बालदी’ म्हणालो. ‘आह, बाल्द!’ म्हणत त्या आत गेल्या आणि निळी प्लॅस्टिकची बादली घेऊन आल्या. मग आम्ही स्वयंपाकघरात उभं राहून एकेक वस्तू दाखवत गेलो. पाव, बटाटा, कोबी, अननस, चावी. उच्चार थोडे सरकलेले, पण प्रत्येक शब्द दोघांच्याही ओळखीचा. पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर आणलेले हे शब्द आपण रोज वापरतो. लिलाव, पगार, घमेलं हेही तिकडचेच. दुकानात गेल्यावर ते बिनधास्त वापरा. ‘शा’ म्हणजे चहा, हे तर पहिल्याच सकाळी कळतं.

लिस्बनमध्ये फिरताना

विमानतळाच्या पहिल्या टर्मिनललाच मेट्रोची लाल लाइन सुरू होते. अलामेदाला हिरव्या लाइनवर बदललं की रोसिउ, म्हणजे शहराचा मध्य. स्थानकावरच्या यंत्रातून ‘नाव्हेगांत’ नावाचं कार्ड घ्या. कार्डाचे अर्धा युरो. प्रत्येक माणसाला स्वतःचं कार्ड लागतं. एकच कार्ड सगळ्यांनी दाखवून चालत नाही. त्यावर पैसे भरून ठेवता येतात, याला तिथे ‘झॅपिंग’ म्हणतात. हे पैसे मेट्रो, बस, ट्राम आणि सिंत्रा या राजवाड्यांच्या गावाची लोकल सगळ्यांना चालतात. चोवीस तासांचं तिकीट साधारण ७ युरोंना पडतं. ते दिवसातून पाच-सहा वेळा चढ-उतार करणार असाल तरच घ्या. एका कार्डावर एका वेळी एकाच प्रकारचं तिकीट राहतं.

पिवळी २८ नंबरची ट्राम सगळ्यांनाच हवी असते. मार्तिम मोनिझला दुपारी तासभर रांगेत उभं राहण्यापेक्षा सकाळी आठच्या आत जा, किंवा दुसऱ्या टोकाला, कांपू द ओरीककडून बसा. त्या बाजूने बसायला जागा मिळते. या ट्राममध्ये आणि बेलेम या नदीकाठच्या भागाकडे जाणाऱ्या १५ नंबरमध्ये पाकीटमार असतात. पासपोर्ट हॉटेलात कुलपात, त्याची प्रत खिशात, फोन हातात नाही तर आतल्या खिशात. चढावाच्या फ्युनिक्युलर गाड्यांवर बेत आखू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्लोरियाच्या गाडीला अपघात होऊन १६ जण गेले आणि ही सेवा थांबवण्यात आली.

बाइशात कोणी जवळ येऊन हळू आवाजात अमली पदार्थ विकायला लागला तर थांबू नका, उत्तरही देऊ नका. तो मागे लागत नाही. आपत्कालीन क्रमांक ११२.

बेलेमला अर्धा दिवस नक्की द्या, पण सोमवारी नाही, कारण त्या दिवशी जेरोनिमोस मठ बंद असतो. मिरी-मसाल्यांच्या व्यापारावरच्या करातून हा मठ उभा राहिला. मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची समाधी आहे. पांढऱ्या दगडातला माणूस हात जोडून आडवा झोपलेला, बाजूला कोरलेलं गलबत. तो १५२४ मध्ये कोचीला वारला आणि अवशेष नंतर इकडे आणले गेले. मठासमोर नदीकाठी दर्यावर्दींचं १९६० चं भव्य स्मारक आहे. त्यावरच्या पुतळ्यांत गोवा घेणारा आफोन्सु द आल्बुकेर्क आहे आणि फ्रान्सिस झेवियरही आहे, ज्यांचं शव जुन्या गोव्यात बॉम जीझसमध्ये ठेवलं आहे. हे स्मारक पूर्ण झालं त्यानंतर दीडएक वर्षातच, १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. इथे उभं राहताना मला वसईचा ढासळलेला तट आठवला, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतलेला. मुलं सोबत असतील तर हा इतिहास त्यांना घरीच सांगून ठेवा. इथला सगळा थाट जिंकणाऱ्यांच्या गौरवाचा आहे, आपली बाजू आपणच सांगावी लागते.

मठापासून चार पावलांवर १८३७ पासून चालू असलेलं ‘पास्तैश द बेलेम’ आहे. दालचिनी भुरभुरून गरम पेस्ट्री खा. बाहेर लांब रांग असते ती बांधून नेणाऱ्यांची. आत बसायला भरपूर जागा आहे, सरळ आत जा. अंडं न खाणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावं, आतलं सारण अंड्याच्या बलकाचं आहे.

सिंत्राचा दिवस

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात, म्हणून सविस्तर लिहितो. रोसिउहून लोकल सुटते, चाळीस मिनिटं. लिस्बनची संग्रहालयं सोमवारी बंद म्हणून सगळे सोमवारी सिंत्राला धावतात. तुम्ही मंगळवार ते गुरुवारातला दिवस धरा आणि आठच्या सुमाराची लोकल पकडा.

पेना राजवाड्याचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा. त्यावर जी वेळ छापलेली असते ती राजवाड्याच्या दारातली असते, बागेच्या फाटकातली नाही. फाटकापासून राजवाड्यापर्यंत चढ आहे आणि आरामात चालत गेलं तर अर्धा तास लागतो. शिवाय स्टेशनवरून ४३४ नंबरची बस मिळायला आणि वर पोचायला वेळ जातो. लोकलमधून उतरल्यापासून दारात पोचेपर्यंत दीड तास धरा. वेळ टळली तर आत सोडत नाहीत. ४३४ बस एकाच दिशेने गोल फिरते: स्टेशन, गाव, मूरांचा किल्ला, पेना, परत खाली. स्वतःची गाडी नेण्याचा विचारही करू नका. जुन्या गावात वाहनांना मज्जाव आहे आणि गाडी लावायला जागा नाही.

दुपारी खाली उतरून किंता दा रेगालैरा बघा. तिथली २७ मीटर खोल उलटी विहीर, म्हणजे जमिनीत उतरणारा गोल जिना. तळाशी उभं राहून वर पाहिलं की आभाळाचं एक नाणं दिसतं. पेना आणि रेगालैरा, इतकंच एका दिवसात पुरे. ज्यांना शक्ती उरली असेल त्यांनी बसने काबू दा रोकाला जावं. युरोपच्या मुख्य भूमीचं हे पश्चिम टोक. वारा इतका असतो की टोपी हातात धरावी लागते.

लिस्बोआ कार्ड, म्हणजे लिस्बनचं पर्यटक कार्ड, घ्यावं का, हे सगळे विचारतात. त्यात मेट्रो, ट्राम, सिंत्राची लोकल आणि जेरोनिमोसचा प्रवेश येतो, पण पेनाला फक्त थोडी सवलत मिळते. बेलेम आणि सिंत्रा लागोपाठच्या दोन दिवसांत बसवणार असाल तर ४८ तासांचं परवडतं. नाहीतर सुटी तिकिटं स्वस्त.

जेवणाचं काय

शाकाहारी माणसाची अडचण होते, पण उपाशी राहायची वेळ येत नाही. ‘सोपा द लेगुमेश’ म्हणजे भाज्यांचं सूप बहुतेक ठिकाणी मिळतं. ‘काल्दु व्हेर्द’ हिरव्या पानांचं म्हणून शाकाहारी समजू नका, त्यात डुकराच्या सॉसेजची चकती असते. ‘सेंय् कार्न, सेंय् पैश’ म्हणजे मांस नको, मासे नकोत. हे शब्द फोनवर लिहून ठेवून दाखवा. ‘पेइशिन्युश दा ओर्ता’ मेनूत दिसलं तर मागवा. शब्दशः अर्थ ‘बागेतले छोटे मासे’, प्रत्यक्षात पिठात बुडवून तळलेल्या फरसबीच्या शेंगा, आपली भजीच. टोमॅटोचा भात, चीज, ब्रेड, सॅलड यांवर दुपार निभते.

कॅफेच्या काचेआड तिकोनी सामोसा दिसला तर मन हरखतं. त्याचं तिथलं नाव ‘शामुसा’, गोव्याच्या वाटेने पोचलेला. पण त्यात बहुधा गोमांस किंवा कोंबडी असते. विचारल्याशिवाय घेऊ नका. घरच्यासारखं जेवण हवं असेल तर लिस्बनच्या राधाकृष्ण मंदिरात शाकाहारी भोजनालय आहे. मोझांबिकहून आलेल्या गुजराती कुटुंबांचा तिथे मोठा समाज आहे. डाळ, तांदूळ, मसाला, हिरव्या मिरच्या लागल्या तर मार्तिम मोनिझच्या मागच्या रस्त्यावरची दुकानं बघा. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर पिठलं-भात करता येतो, आणि पाचव्या दिवशी त्याची फार गरज वाटते.

हॉटेलात बसल्या बसल्या वेटर ब्रेड, ऑलिव्ह, लोणी, कधी चीज आणून ठेवतो. याला ‘कुव्हेर्त’ म्हणतात आणि ते फुकट नसतं. हात लावला तर बिलात येतं, नाही लावला तर येत नाही. नको असेल तर ‘नाओं, ओब्रिगादु’ म्हणून परत पाठवा, कोणी वाईट मानत नाही. बायकांनी ‘ओब्रिगादा’ म्हणायचं. दुपारी ‘प्रातु दु दिआ’ म्हणजे आजची थाळी विचारा, ती स्वस्त आणि ताजी असते. रात्रीची स्वयंपाकघरं सातच्या आधी क्वचितच सुरू होतात, म्हणून लहान मुलांसाठी खाऊ जवळ ठेवा. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

पैसे आणि फोन

निळ्या ‘मल्टिबँको’ चिन्हाच्या एटीएममधूनच पैसे काढा. पर्यटकांच्या रस्त्यावरची युरोनेटची यंत्रं महाग पडतात. यंत्राने ‘रुपयांत आकारू का’ विचारलं तर नेहमी नकार द्या, युरोच निवडा. लहान दुकानांत कधी कधी फक्त पोर्तुगीज कार्ड चालतं, त्यामुळे पन्नासएक युरो रोख जवळ असू द्या. आपल्या तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, अॅडाप्टर इथूनच न्या.

पोर्तोला जाताना

रेल्वेचं नाव ‘कोंबोइउश द पोर्तुगाल’. तिकिटं साधारण दोन महिने आधी खुली होतात, आणि लवकर काढली तर मोठी सूट मिळते. ६५ वर्षांवरच्या प्रवाशांना निम्मं भाडं, परदेशी असले तरी. फक्त वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवावा लागतो. आई-वडिलांसाठी हे विसरू नका. गाडी पोर्तोच्या कांपान्याला थांबते. तिथून लोकलने पाच मिनिटांत साओं बेंतु. घाईने बाहेर पडू नका: या स्थानकाच्या दालनात सुमारे २०,००० निळ्या-पांढऱ्या फरश्यांवर इतिहासाची चित्रं आहेत.

संप इथे नेहमीचे, शब्द ‘ग्रेव्ह’. प्रवासाच्या तीन-चार दिवस आधी बातमी तपासा. संप निघालाच तर बस कंपन्यांच्या गाड्या असतात.

पोर्तोत पहिला दिवस काही न ठरवता चाला. १८८६ चा लोखंडी दों लुईश पूल वरच्या मजल्यावरून ओलांडा, सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी. एक दिवस कोइंब्राला. १२९० मध्ये स्थापन झालेलं तिथलं विद्यापीठ आणि जोआनिना ग्रंथालय बघा. पुस्तकांना लागणारे किडे खायला तिथे वटवाघळं राहतात, म्हणून रात्री टेबलांवर चामडी आच्छादन घालतात. तिकिटावर वेळ ठरलेली असते, आधी काढा.

उरलेला एक दिवस दोरू नदीच्या खोऱ्याला. साओं बेंतुहून पिन्याओंची गाडी घ्या, अडीच तासांच्या आसपास. जाताना उजव्या बाजूच्या खिडकीला बसा, नदी त्याच बाजूला आहे. पहिला तासभर काही विशेष नाही, शेतं आणि उपनगरं. मग गाडी एकदम पाण्याच्या काठाला येते आणि पलीकडचे डोंगर पायऱ्या पायऱ्यांनी द्राक्षवेलींनी भरलेले दिसतात. पिन्याओंच्या फलाटावरही निळ्या फरश्यांत द्राक्षांची तोडणी रंगवलेली आहे. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या फलकावरून टिपून घ्या, कारण गाड्या मोजक्याच आहेत.